तुमचा डावा हात वळला, दोड्डप्पा

दोड्डप्पा, परवा सकाळी मी जंगमस्वामींना म्हणालो, "थांबा, तो हात वळत नाही."

तुम्हाला अंघोळ घालून, विभूती लावून भिंतीला टेकवून बसवलं होतं. आपल्यात माणूस गेला की त्याला पूजेला बसल्यासारखा बसवतात आणि जन्मभर गळ्यात वागवलेलं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. स्वामी म्हणाले, अंग आखडायच्या आत सगळं उरकून घ्या. त्यांनी तुमचा डावा हात मांडीवर घेतला आणि मी मध्ये बोललो. तुमच्या पाठच्या भावाचा मुलगा म्हणून नाही, हाडांचा डॉक्टर म्हणून बोललो. हा हात मी कितीदा तपासला होता. तळहात जमिनीकडं होतो, मूठ उभी राहते, त्यापुढं आकाशाकडं म्हणून जात नाही. स्वामींनी ओढाताण केली असती तर मला ते बघवलं नसतं. म्हणून मीच पुढं झालो. तुमचं कोपर कुशीला लावलं, मनगटाच्या वर बोटं ठेवली आणि हळू फिरवलं.

तो वळला. कुठंही न अडता, पुरता वळला. तळहात छताकडं बघत तुमच्या मांडीवर पडून राहिला.

आणि मी सवयीनं मोठ्यानं विचारलं, "दुखतंय का?"

रडणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. माझ्या बायकोनं दंडाला धरून मला बाहेर नेलं, पाणी दिलं. सगळ्यांना वाटलं, काका गेल्यानं डॉक्टरचं डोकं ठिकाणावर नाही. डोकं ठिकाणावर होतं. मी खरंच विचारत होतो आणि अजून विचारतोच आहे.

हे दुसऱ्या कुणाला समजावून सांगत बसण्यात अर्थ नाही. तुम्हाला सांगतो, कारण माझं ऐकून ऐकून तुम्ही निम्मे डॉक्टर झाला होतात. हात वळत नाही त्याला दोन कारणं असतात. एक तर आत काहीतरी अडकलेलं असतं, नाहीतर दुखतं म्हणून माणूस वळवू देत नाही. अडकलेलं असेल तर ते माणूस गेल्यावरही अडकलेलंच राहतं. दुखणं मात्र माणसाबरोबर जातं. परवा तुमचा हात वळला, म्हणजे आत काही अडकलेलं नव्हतं. म्हणजे दुखत होतं. आणि तुम्ही तर पहिल्या दिवसापासून मला एकच सांगत आलात, "दुखत न्हाय रं. नुसतं वळत न्हाय."

मग खोटं कोण बोललं? तुम्ही, की तुमचं मनगट?

सुरुवात त्या इंजिनानं केली. दुष्काळात तुम्ही गावाकडची, दुधनीची विहीर खोल करून घेतलीत आणि दुष्काळ सरल्यावर तिच्यावर तेलाचं इंजिन बसवलंत. गडी होते, पण हँडल मारायचं ते तुम्हीच. इंजिन तुमच्या हातानं सुरू झालं नाही तर पाणी गोड लागत नाही, असं काहीसं तुम्ही म्हणायचा. एके दिवशी इंजिनानं उलटा झटका दिला. उजवा हात वेळेत सुटला, डावा हँडलबरोबर पिरगळला गेला. तिथल्या डॉक्टरांनी पट्टी बांधली, सूज उतरली, तुम्ही पट्टी काढून टाकलीत. पुढं बरेच दिवस मला पत्ताच नव्हता. मला कळलं ते आमच्या घरी जेवताना. तुम्ही हात धुवायला उठलात आणि ओंजळ होईना. उजव्या तळव्यावर पाणी घेतलंत आणि डावा हात पाठीमागं नेलात, लहान पोर खाऊ लपवतं तसा. मी म्हटलं, "दोड्डप्पा, दोन्ही हात पुढं करा बघू."

"कशाला? चिंच न्हाय हातात."

"करा तर."

तुम्ही दोन्ही हात पुढं केलेत, तळवे वर. मला दोन्ही ठीकच दिसले, आणि मी जवळजवळ फसलो. मग बघितलं तर डावं कोपर अंगापासून लांब गेलेलं, खांदा झुकलेला, तुम्ही सगळे एका बाजूला कललेले. हाताचं काम तुम्ही खांद्याकडून करून घेत होतात. मी कोपर कुशीला दाबून धरलं तेव्हा तळवा अर्ध्यातच थांबला. करंगळीच्या बाजूला, हाडाच्या गाठीखाली जिथं खळगा असतो तिथं मी अंगठ्यानं दाबलं. तुमच्या तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही. तिथं दाबलं की भलेभले किंचाळतात.

फोटो काढला. हाडं दोन्ही शाबूत. तुम्ही फोटो उजेडाकडं धरून माझ्याकडं असं बघितलंत की दोष माझ्या यंत्राचा आहे.

मी तुम्हाला समजावलं की हाडांच्या मध्ये एक कूर्चेची चकती असते, ती फाटली तर फोटोत दिसत नाही. पंपात चामड्याचं वायसर असतं ना, तसलीच ती. हात फिरतो तेव्हा हाडावर हाड घासू नये आणि दोन हाडं एकमेकांना धरून राहावीत म्हणून ती असते. तुम्ही लगेच म्हणालात, "मग वायसर बदल की." मी म्हटलं, माणसाचं वायसर बाजारात मिळत नाही. "मग कसला डाक्टर तू," म्हणालात, आणि दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकवलंत, "ह्यो सगळ्यास्नी बरं करतो, मला सोडून."

त्या बाकाबद्दल काय सांगू? सोलापूरला आलात की सात रस्त्याला एस.टी.तून उतरून तुम्ही सरळ माझ्याकडं यायचा आणि नंबर नसताना तासतास बसायचा. कुणाचा पाय प्लॅस्टरमध्ये, कुणाचा खांदा निखळलेला. सगळ्यांची चौकशी तुम्ही माझ्याआधी केलेली असायची. कानडी येणाऱ्याशी कानडी, नाहीतर मराठी, आणि तेलुगू बोलणारी विणकर मंडळी आली की हातवारे. हातवारे उजव्या हाताचे. मी आत चिडायचो, कारण पेशंट आत आला की मला लक्षणं सांगायच्या आधी तुमचं मत सांगायचा. आता तो बाक मोकळा आहे, आणि कंपाउंडरनं आज विचारलं, "साहेब, बाक हलवू का जरा?" मी त्याच्या अंगावर ओरडलो. का ओरडलो ते मला माहीत नाही.

पुन्हा हाताकडं येतो. मी मनगटात बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं. दुखण्यानं अडलेला हात त्यावर सुटायला हवा. तुमचा थोडा जास्त वळला, पुरता नाही. मी विचारलं, "आता मोकळं वाटतं?" तुम्ही म्हणालात, "तसाच हाय." मी बुचकळ्यात पडलो. सुई नेमक्या जागी गेली नाही, की तुम्ही हात रोखून धरलात? आज मला दुसरं वाटतं. त्या दिवशी मला पहिलं वाटलं, आणि आज जे वाटतं त्यावर तरी का विश्वास ठेवावा?

मग रंगाच्या औषधाचा फोटो. माझ्या क्ष-किरणवाल्या मित्राला गळ घातली. सांध्यात औषध सोडायचं आणि ते चकतीच्या पलीकडं पाझरतं का ते बघायचं. पाझरलं! मी आनंदानं अक्षरशः टेबलावर थाप मारली. चकतीला भोक पडलेलं आहे, हे बघा, दोड्डप्पा, हे बघा. तुम्ही शांतपणे सदऱ्याची उजवी बाही वर केलीत. "आता ह्याचाबी काढ."

"हा चांगला आहे."

"म्हनून तर काढ."

मित्र हसत होता, मी वैतागलो होतो. काढला. उजव्या मनगटातही औषध तसंच पलीकडं पाझरलं. ज्या हातानं तुम्ही विहिरीचा दोर ओढत होतात, त्या हाताच्या चकतीलाही भोक होतं. वय झालं की न दुखणाऱ्या मनगटातही अशी भोकं पडतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण ते तुम्ही मला असं बाही वर करून दाखवाल असं वाटलं नव्हतं. "भोकं दोन, आनि हात आडतोय एकच," तुम्ही म्हणालात. "आता कुनाला कापनार?" तुम्ही जिंकल्यासारखे हसलात. मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र मला काही सुचेना. भोक हे कारण नव्हतंच की काय? की एक भोक म्हातारपणाचं आणि एक इंजिनाचं? दोन्हींचे फोटो शेजारी धरले तर कुठला कुठला ते सांगता येत नव्हतं.

एकच रस्ता उरला. तुम्हाला पूर्ण भूल द्यायची आणि झोपेत हात फिरवून बघायचा. फिरला तर दुखण्याचा मामला, नाही फिरला तर चकतीचा फाटका तुकडा आत अडकलाय, तो लगेच काढून टाकायचा. आपलं खरं भांडण इथं झालं.

तुमची हरकत भुलीला नव्हती. टेबलावर न्यायच्या आधी अंगावरचं सगळं काढतात, ही तुमची हरकत होती. लिंग अंगावेगळं करायचं नाही. मी म्हटलं, करू नका, मी ते पट्टीनं तुमच्या दंडाला बांधतो, कुणी हात लावणार नाही.

"मी तर बेसुद. मग ते अंगावर हाय का न्हाय, मला कसं कळावं?"

"मी असेन की तिथं. मी सांभाळेन."

तुम्ही माझ्या गळ्याकडं बघितलंत. उन्हाळा होता, सदऱ्याची वरची बटणं उघडी होती. मग तुम्ही खिडकीकडं बघितलंत आणि म्हणालात, "साक, पुरं. ऱ्हाऊ दे."

माझ्या गळ्यात लिंग नाही, हे तुम्हाला माझ्या हॉस्टेलच्या दिवसांपासून माहीत होतं. तुम्ही शेंगांचं पोतं घेऊन पुण्याला आला होतात, मी नळावर अंघोळ करत होतो, उघडा. तुम्ही बघितलंत आणि पोत्याचं तोंड सोडायला बसलात. तेव्हाही नाही, नंतरही नाही, तुम्ही कधीच विचारलं नाहीत. मला वाटायचं, हे तुमचं मोठेपण. भुलीवरून भांडलो त्या दिवशी तुम्ही माझ्या गळ्याकडं बघितलंत ते त्यासाठीच का? की नुसतंच बघितलंत, माणूस कुठंतरी बघतोच तसं? मला हे विचारायचं होतं. माझ्या भाबड्या हिशेबानं आपल्याला त्यासाठी अजून पुष्कळ वेळ होता.

त्या दिवशी मी रागावलो होतो आणि रागात म्हटलं, "मग हात वळत नाही तर रोज लिंग डाव्या तळव्यावर न घेता चौरंगावर ठेवून पूजा करा ना. देवाला काय फरक पडतो?"

"देवाला न्हाय पडत," तुम्ही म्हणालात. "मला पडतो."

विषय तिथं थांबला. तुम्ही बाकावर येत राहिलात, मी अधूनमधून हात बघत राहिलो, तुम्ही "दुखत न्हाय" म्हणत राहिलात. मी समजून चाललो की तुम्ही चौरंग घेतला असेल, किंवा लिंग उजव्या हातावर घेत असाल. तुमची पूजा दार लावून असायची. गेल्या महिन्यात दम लागायला लागला म्हणून तुम्हाला आणि दोड्डव्वाला, दोघा नवराबायकोंना, मी सोलापूरला आणलं, तेव्हाही आमच्या घरात ते दार रोज लागायचं. परवा पूजा आटोपून बाहेर आलात, चहा मागितलात, आणि चहा येईपर्यंत गेलात. मी छाती दाबत होतो, माझ्या हाताखाली तुमचं इष्टलिंग डबीसकट रुतत होतं, आणि मला तेवढ्यातही वाटलं की हे बाजूला सारायला तुमची परवानगी नाही.

तुमच्यावर मला राग येतोय, दोड्डप्पा. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण मला येतोय. आणि त्या रागात मध्येच तुमचा जुना डावा हात दिसतो. दुकानात आडतीला आलेल्या शेंगा तुम्ही डाव्या तळव्यावर घ्यायचा, उजव्या अंगठ्यानं फोडायचा, फोलपटं फुंकून टाकायचा आणि दाणे माझ्यापुढं धरायचा, "खा आनि सांग, तेल किती सुटंल." मला काय कळत होतं? पण तुम्ही माझं उत्तर ऐकून मान हलवायचा, शेतकऱ्यासमोर. मला कुणीतरी विचारतंय, माझ्या उत्तरासाठी थांबतंय, हे मी तुमच्या त्या तळहाताशी पहिल्यांदा अनुभवलं. पुढं मी पेशंटला प्रश्न विचारून थांबायला शिकलो तो तिथंच. मग तुम्ही मला खरं उत्तर का दिलं नाहीत?

तुमच्या मातीसाठी सगळे दुधनीला आलो होतो; काल दुपारी तिथल्या घरातली माणसं जरा पांगली. दोड्डव्वा स्वयंपाकघरात शहाबादी फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "दोड्डव्वा, दोड्डप्पांचा हात दुखायचा का गं?"

"दुखायचा की," ती म्हणाली. एवढं सहज, की मला वाटलं तिनं प्रश्न नीट ऐकला नाही. "लई दुखायचा."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू म्हनला असतास, हात हलवू नका. तुमी डाक्टर लोक दुसरं काय म्हनता? मग पूजा कशी करायची?"

मग तिनं सांगितलं. तुम्ही दार लावून बसायचा. उजव्या हातानं डावं मनगट धरायचा आणि वळवत न्यायचा, थांबत थांबत. तळवा पुरता वर आल्याशिवाय लिंग डबीतून काढायचा नाही. पूजा होईपर्यंत हात तसाच. ती बाहेर उंबऱ्याशी बसायची, कुणी मध्ये येऊ नये म्हणून. "आत शिवा शिवा म्हनायचे. मला आवाजावरनं कळायचं, आता वळतोय, आता वळला." आणि मग दिवसभर तुम्ही तो हात जपायचा. ओंजळ नाही, शेंगा नाहीत, पिशवी नाही. "तुझ्याकडं यायचं आसलं की मला म्हनायचे, मल्लू आज लई वळवून बघंल, त्येला वळवू द्यायचा न्हाय. उद्या सकाळी लागनार हाय हात."

माझ्या तपासण्या, माझी सुई, माझं कोपर कुशीला दाबून धरणं. तुम्ही ते सगळं बसून सोसलंत आणि हात माझ्यापासून वाचवून दुसऱ्या दिवशीच्या सकाळसाठी घरी घेऊन गेलात.

"मग दवाखान्यात यायचे कशाला?" मी विचारलं.

"तुला बघाया."

ती पदरानं नाक पुसत होती. मी फरशीकडं बघत होतो. मग तिनंच विचारलं, "खरं सांग मल्लू. दुखतंय म्हनून सांगितलं असतं, तर काय केला असतास तू?"

मी तिला खरं सांगितलं. दुखण्याचा मामला आहे हे कळलं असतं तर मी आधी सुरी उचललीच नसती. कोपराच्या वरपर्यंत प्लॅस्टर घातलं असतं, चकतीला भरून यायला सवड मिळावी म्हणून. दीड महिना. बरं झालं असतंच असं नाही, दुखापत जुनी होती. पण आधी तेच केलं असतं.

"आनि हात कसा ठेवला असतास?"

मी माझा हात करून दाखवला. कोपर वाकवलेलं, हात छातीसमोर, तळवा पुरता वर. तशा ठेवणीत फाटलेल्या कडा एकमेकींजवळ राहतात. दोड्डव्वा माझ्या तळहाताकडं बघत राहिली.

"ह्यो असा? पूजेला बसल्यागत?"

"व्हय."

"आनि दीड म्हयना असाच?"

"असाच."

तिच्या तोंडून हसू फुटलं. "अय्यो शिवा," ती म्हणाली, "दीड म्हयना लिंग हातावरनं खाली ठेवलं नसतं की रं त्यांनी." मग पदर तोंडावर घेतला आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मी हात तसाच वर धरून बसलो होतो.

दोड्डप्पा, एकदा म्हणायचं होतं, दुखतंय रं मल्लू. मी तुमची पूजा बंद केली नसती. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, की तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं?